बोरस्ते सर आणि आकाशातली टिकटिक

नोकरी संपली की माणसाच्या वाट्याला घरातली एक खुर्ची येते, आणि ती नेमकी केर काढण्याच्या वाटेत असते. खंडेराव बोरस्ते सरांचीही तशीच होती. निफाडच्या बाजूला एका हायस्कुलात जन्मभर विज्ञान शिकवून सर निवृत्त झाले आणि इंदिरानगरातल्या गोदाई सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, त्या खुर्चीत बसून पत्नीला विज्ञान शिकवू लागले. कुकरची शिट्टी का होते, फोडणी का चुरचुरते, दूध उतू का जातं. तृप्तीताईंनी काही दिवस ऐकून घेतलं. मग एकदा दूध खरोखरच उतू गेलं, आणि त्या वेळी सर ओट्याशी उभे राहून त्यामागचं कारणच सांगत होते. तृप्तीताईंनी गॅस बंद केला, ओटा पुसला आणि पुण्याला मुलीला फोन लावला.

"वेदिका, बाबांसाठी काहीतरी पाठव. डोकं गुंतेल असं. आणि तोंड बंद राहील असं."

वेदिकाने पाठवलेलं यंत्र अंगठ्याएवढं होतं. ते लॅपटॉपमध्ये खोचायचं, त्याला एक तार जोडायची, की शॉर्टवेव्ह रेडिओवर जगात जे काही चाललंय ते ऐकूही येतं आणि दिसतंही. दिसतं म्हणजे पडद्यावर एक निळा पट्टा वरून खाली संथ सरकत राहतो आणि त्यावर प्रत्येक स्टेशनची एकेक उजळ रेघ उमटते. पहिल्या दिवशी सरांना चिनी बातम्या मिळाल्या, कुठलंसं अरबी गाणं मिळालं आणि एका जहाजाला कुणीतरी सांगत असलेला हवामानाचा अंदाज मिळाला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना 'तो' मिळाला.

'तो' म्हणजे एक आवाज. लोखंडी कपाट फरशीवरून ओढावं तसा खर्रर्र. थोडा वेळ खर्रर्र, मग शांतता, मग पुन्हा खर्रर्र. आणि या सगळ्यातून सतत टिक... टिक... टिक. पडद्यावर पाहावं तर खर्रर्रच्या जागी बारीक उभ्या पट्ट्या, सोऱ्यातून उतरणाऱ्या शेवेसारख्या शेजारीशेजारी. आणि टिकच्या जागी एक आडवी रेघ, पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"अगं, हे ऐक," सरांनी हाक मारली.

तृप्तीताईंनी ऐकलं. "कुणाचा तरी मिक्सर बिघडलाय."

"मिक्सर नाही. हा डिजिटल संदेश आहे. कुणीतरी, कुठूनतरी, कुणालातरी काहीतरी सांगतंय."

"मग त्यांच्या बोलण्यात आपण कशाला?"

हा प्रश्न सभ्यतेच्या दृष्टीने बिनतोड होता. पण सभ्यता पाळली असती तर विज्ञानाची एकही शाखा जन्माला आली नसती, असं सरांचं मत होतं. त्यांनी आवाज ध्वनिमुद्रित केला, हळू करून ऐकला, मोठा करून पाहिला, आणि आठवडाभर शेवेच्या पट्ट्या मोजत बसले. पट्ट्या सोळा होत्या. प्रत्येक पट्टी म्हणजे एक सूर, आणि प्रत्येक सूर भराभर आपली चाल बदलत होता. त्या बदलण्यातच मजकूर लपलेला असणार हे सरांनी ताडलं. मजकूर काय, ते कळेना; पण रचना उलगडू लागली. प्रत्येक खर्रर्रच्या सुरुवातीला तोच ठरावीक नमुना यायचा, मग मधला भाग दर वेळी वेगळा, आणि शेवटी पुन्हा एक ठरलेली खूण.

ज्याने आयुष्य शाळेत काढलं त्याला यात शाळा दिसली नसती तरच नवल. सुरुवातीच्या भागाला सरांनी 'प्रार्थना' असं नाव दिलं, मधल्याला 'तास' आणि शेवटच्याला 'राष्ट्रगीत'. उरली ती टिकटिक. ती प्रार्थनेतही चालू, तासातही चालू आणि शाळा सुटल्यावरही चालूच. एका दुपारी जेवताना सर हातातला घास तसाच धरून थबकले. "घंटा!" ते म्हणाले. "ती घंटा आहे! सगळ्यांनी एका ठेक्यात चालावं म्हणून लावलेली घंटा!"

"भात घ्या," तृप्तीताई म्हणाल्या.

खिडकीत लोंबणाऱ्या हातभर तारेवर इतका मोठा शोध पेलणार नव्हता. गच्चीवर लांब तार बांधायची तर सोसायटीची परवानगी हवी. सरांनी सेवेशी सविनय अर्ज दिला. सोसायटीचे चेअरमन कोंडाजीअण्णा पगार साखर कारखान्यातल्या नोकरीतून बाहेर पडले होते, पण कारखान्याची सर्वसाधारण सभा त्यांच्यातून बाहेर पडली नव्हती. त्यांनी अर्ज सभेपुढे ठेवला.

सभेत ज्याला त्याला तारेविषयी मत होतं. एकजण म्हणाला, तार लावली की वीज पडणार. दुसरा म्हणाला, उलट तार असली की वीज तिच्यावर पडेल आणि आपण वाचू, तेव्हा दोन लावा. चौथ्या मजल्यावरच्या यशोदाबाईंनी विचारलं की लहरींनी गुडघे दुखतात का. लहरी बाहेर जाणार नसून फक्त आत येणार आहेत, असं सरांनी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "आत येतात म्हणूनच तर विचारते." शेवटी कोंडाजीअण्णांनी तोडगा काढला.

"सर, एवढा खटाटोप करण्यापेक्षा डिश लावून घ्या. बातम्यांचे सगळे चॅनल फुकट दिसतात."

"अण्णा, मला बातम्या नकोत. मला न कळणारा आवाज ऐकायचाय."

"मग बातम्याच बघा की," अण्णा म्हणाले. सभा हसली आणि हसण्याच्या भरात ठराव मंजूर झाला.

पाण्याच्या टाकीच्या पाइपापासून जिन्याच्या छपरापर्यंत तार ताणली गेली आणि सिग्नल असा खणखणीत आला की सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण दोनच दिवसांत एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. सकाळी सिग्नल भक्कम, आणि ऊन चढलं की अचानक मरगळलेला. सरांनी सूर्य, वातावरणाचे वरचे थर आणि त्यांचा परस्परसंबंध यांवर एक टिपण लिहायला घेतलं. ते जवळजवळ पूर्ण होत आलं होतं. एक आकृती काढण्यासाठी तारेची लांबी मोजायला सर गच्चीवर गेले, तर तारेवर यशोदाबाईंच्या ओल्या गोधड्या वाळत होत्या आणि तार पोटात झोळ पडून गच्चीला टेकली होती.

"छान बांधलीत हो सर," कुरडयांची राखण करत बसलेल्या यशोदाबाई म्हणाल्या. "पण दोन गोधड्यांतच वाकते. जरा जाड नाही का मिळाली?"

सर खाली आले आणि टिपण फाडून टाकलं. सूर्याबद्दल त्यांनी पुन्हा कधी काही लिहिलं नाही.

अशा रेडिओवेड्यांचा इंटरनेटवर एक जागतिक गट आहे, हे सरांना वेदिकाने सांगितलं होतं. न ओळखलेल्या सिग्नलांची रचना उलगडत बसणारी ही माणसं देशोदेशी पसरलेली. सरांनी रजेच्या अर्जाच्या इंग्रजीत त्यांना लिहिलं, सोबत आवाजाची फाइल जोडली, आणि प्रार्थना, तास, राष्ट्रगीत, घंटा हा आपला सिद्धांत मांडला. नम्रपणे असंही सुचवलं की या सिग्नलाला अद्याप नाव नसल्यास 'नाशिक' हे नाव सुटसुटीत आहे.

हॉलंडच्या हेंद्रिक नावाच्या गृहस्थाचं उत्तर आलं. खर्रर्रवर काम करतो आहे, असं त्याने लिहिलं होतं. पण टिकटिक मात्र आमच्याकडे कुणीच कधी ऐकलेली नाही, ती अनोखी आहे.

'अनोखी' या शब्दाने सरांची छाती भरून आली. त्यांनी पत्र तृप्तीताईंना वाचून दाखवलं, मग अण्णांना, मग लिफ्टची वाट पाहणाऱ्या सगळ्यांना. आठवडाभर ते जिनाही सावकाश, एका विशिष्ट लयीत चढत. पत्राच्या शेवटी हेंद्रिकने एक साधी शंका विचारली होती, ती मात्र सरांनी कुणाला वाचून दाखवली नाही. शंका अशी, की ही टिकटिक तुम्हाला फक्त त्याच जागी ऐकू येते, की रेडिओवर सगळीकडे?

सरांच्या मनाला ती शंका लागली. जन्मभर मुलांना 'निरीक्षण नीट करा' म्हणणाऱ्या माणसाला विचारायचा प्रश्न होता का हा? सरांनी चार दिवस मानी मौन पाळलं. पाचव्या दिवशी तृप्तीताई भाजी आणायला गेल्याचं पाहून त्यांनी गुपचूप पडद्यावरचा काटा बाजूला सरकवला. चिनी बातम्यांवर टिक. अरबी गाण्यावर टिक. जिथे काहीच नव्हतं, नुसतं आकाश भिनभिनत होतं, तिथेही टिक, टिक, टिक.

याचा अर्थ एकच. घंटा त्या शाळेची नव्हती. ती हॉलंडात ऐकू येत नव्हती कारण ती हजारो मैलांवरून येतच नव्हती. ती इथेच कुठेतरी, अगदी जवळ वाजत होती.

खऱ्या वैज्ञानिकाने अशा वेळी गप्प राहून शोध घ्यायचा असतो. सरांनी तो लिफ्टपाशी अण्णांना सांगितला. जवळपास कुठूनतरी अज्ञात सिग्नल निघतो आहे, एवढंच ते म्हणाले; पण तो संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोचला तेव्हा 'जवळपास' गळून 'आपल्या बिल्डिंगमध्ये' झालं होतं आणि 'अज्ञात' गळून शेजारच्या देशाचं नाव आलं होतं. एका बाजूला देवळालीचं लष्कर, दुसऱ्या बाजूला ओझरची विमानं, आणि मध्ये गच्चीवर बोरस्त्यांची तार. बिल्डिंगमध्ये दुपारी घरी बसून कोण काय करतं याची चौकशी सुरू झाली. दुपारी हेडफोन लावून बसणारे एकटे बोरस्ते सरच निघाले.

"सर, आमचा तुमच्यावर विश्वास आहे," अण्णा घरी येऊन म्हणाले. चहा संपल्यावर ते पुढे म्हणाले, "पण पोलिसांचा ना-हरकत दाखला आणा."

ज्या माणसाने चौकातला सिग्नलही कधी मोडला नव्हता, तो आता न समजलेल्या सिग्नलापायी पोलीस ठाण्याची पायरी चढला. टेबलामागच्या साहेबांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला, मग परत पहिल्यापासून वाचला.

"तक्रार कुणाविरुद्ध आहे?"

"तक्रार नाही, साहेब. मला एक आवाज ऐकू येतो."

साहेबांनी मान वर केली. "घरच्यांनाही येतो, की फक्त तुम्हाला?"

"हेडफोन लावला तर कुणालाही येईल."

"त्यात काय म्हणतात?"

"तेच कळत नाही."

"धमकी?"

"टिक टिक म्हणतात."

साहेब हे ऐकून ताठ झाले आणि एक हवालदार खुर्ची मागे सरकवून उठला. टिकटिक करणाऱ्या वस्तूंची पोलीस ठाण्यात वेगळीच पत असते. ही टिकटिक वस्तूची नसून लहरींची आहे, हे पटवून द्यायला सरांना टेबलावरच्या कागदाच्या पाठीवर शेवेच्या पट्ट्या काढून दाखवाव्या लागल्या. साहेबांनी त्यांना सायबरवाल्यांकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, हे इंटरनेटवर नाही, हवेत आहे, बिनतारीवाल्यांकडे जा. बिनतारीवाले म्हणाले, आम्ही आमचंच ऐकतो, दुसऱ्याचं ऐकत नाही, मूळ ठाण्यात जा. मूळ ठाण्यात साहेब चहा पीत होते. आता त्यांनाही सरांची कणव आली असावी.

"सर, माझा पोरगा तुमच्यासारख्याच एका सरांकडे शिकतो म्हणून सांगतो. दाखला कसला देऊ? ऐकायला माझी हरकत नाही, असं लिहून दिलं तर उद्या रांग लागेल. तुम्ही असं करा, ती टिकटिक कुठून येते ते शोधा. मग सांगा. मग बघू."

सर घरी आले. ज्याच्यावर संशय, त्याच्यावरच आता तपास सोपवण्यात आला होता.

रेडिओलहरी कुठल्या दिशेने येतात ते शोधायला तारेचं कडं लागतं. सरांनी तृप्तीताईंचा धान्य चाळायचा मोठा चाळणा मागितला, तो मिळाला नाही. मग त्यांनी सायकलच्या चाकाची जुनी रिंग आणली, तिला तांब्याच्या तारेचे वेढे दिले, तळाला लांब झाडूचा दांडा बसवला आणि खाली छोटा रेडिओ बांधला. कडं फिरवलं की टिकटिक एका बाजूला मोठी होई, दुसऱ्या बाजूला बारीक. गच्चीवर उभं राहून फिरवलं तेव्हा ती पाथर्डीकडे मोठी झाली.

सर स्कूटरवर निघाले. तृप्तीताई मागे बसल्या. कडं धरायला कुणीतरी हवं होतं, आणि नवऱ्याला एकट्याने असं गावातून जाऊ देणंही बरं दिसलं नसतं. पाथर्डी फाटा मागे पडला, सोसायट्या संपल्या, द्राक्षांचे मांडव सुरू झाले. टिकटिक वाढतच होती. एका मळ्याशी सरांनी स्कूटर उभी केली, दांडा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि डोळे मिटून, कान देऊन, ते बांधाने हळूहळू चालू लागले. दोन पावलं पुढे, थोडं डावीकडे, परत मागे.

वैशाखाचे दिवस. विहिरी खडखडीत. अशा दिवसांत मळ्यात एक पोक्त माणूस हातात काहीतरी धरून, डोळे मिटून चालताना दिसला तर शेतकरी त्याला काय समजेल, हे सरांना सुचायला हवं होतं. त्यांना सुचलं नाही. त्यांनी डोळे उघडले तेव्हा मागे सात-आठ माणसं अनवाणी, अदबीने, एक शब्द न बोलता चालत होती.

"पाणाड्या हायेत का?" त्यातल्या एकाने, केरू त्याचं नाव, तृप्तीताईंना दबक्या आवाजात विचारलं.

"नाही हो, शिक्षक आहेत."

"शिकलेलं दिसतंय. मशीनवर बघत्यात," केरू मागच्यांना म्हणाला.

सरांच्या कानावर ते पडलं आणि ते जागीच थांबले. पायाळू माणूस, हातावर नारळ, उंबराची बेचकी, अशा सगळ्या पाणी शोधण्याच्या तऱ्हांवर त्यांनी वर्गात तोफ डागली होती. "हे बघा," ते वळून म्हणाले, "जमिनीखालचं पाणी असं कळत नसतं. तो शुद्ध भ्रम आहे. मी पाणी शोधत नाहीये."

"बरं," केरू म्हणाला. "तुम्ही शोधा. आम्ही काय बोलत नाय."

मळा बायडाबाईंचा होता. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, हातात विळा, अशा त्या बांधावर येऊन उभ्या राहिल्या. गेल्या वर्षी घेतलेली बोअर कोरडी गेल्यापासून त्यांचा पाणाड्यांवरचाच काय, पाण्यावरचाही विश्वास उडाला होता. "कोण हो तुम्ही? माझ्या मळ्यात काय करता?" त्यांनी विचारलं. सरांनी सांगितलं. त्या सगळं ऐकून म्हणाल्या, "आवाज शोधता? शोधा. पर कुंपणाला हात लावू नका. डुकरांसाठी झटका मशीन लावलंय. माणसालाबी बसतो."

सरांच्या डोक्यात अजून प्रकाश पडला नव्हता. ते कडं फिरवत कुंपणाच्या कडेने निघाले. टिक. टिक. टिक. उतरत्या कोपऱ्यापाशी रेडिओ असा कडाडू लागला की तृप्तीताईंनी कान झाकले. सर वाकले. तिथे, सगळा मळा करपलेला असताना, हिरवंगार गवत वीतभर माजलं होतं. त्याची एक पात कुंपणाच्या तारेला टेकली होती, आणि मशीनच्या प्रत्येक झटक्याबरोबर त्या टोकाशी मोहरीएवढी निळी ठिणगी पडत होती. टिक. टिक. टिक.

"सापडलं!" सर ओरडले. त्यांनी दांडा जमिनीत रोवला आणि दोन्ही हात वर केले. "हीच ती जागा! इथेच!"

मागे एकदम गलका झाला. केरू धावत जाऊन चुना घेऊन आला.

पुढचं सगळं सरांना हवं तसं झालं नाही, असं म्हणणं सौम्य ठरेल. त्यांनी घसा फोडून सांगितलं की ही फक्त ठिणगी आहे, ठिणगीतून रेडिओलहरी निघतात, त्या तीन किलोमीटरवर माझ्या गच्चीवर पोचतात, बाकी काही नाही. लोकांनी मान डोलावली आणि दांड्याभोवती चुन्याचं वर्तुळ काढलं. सरांनी गवताची ती पात, मग सगळं गवत कापायला लावलं. टिकटिक थांबली. जिच्यासाठी हॉलंड वाट पाहत होतं ती नाशिकची घंटा सरांनी स्वतःच्या हुकमाने, विळ्याच्या एका फटक्यात बंद केली. परतीच्या वाटेवर तृप्तीताईंनी मागून एकदाच खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "निरीक्षण बाकी बरोबर होतं तुमचं."

घरी येऊन त्यांनी हेंद्रिकला सगळं कळवलं, एक शब्द न लपवता, आणि टिकटिक नसलेली नवी फाइल जोडली. दोन दिवसांनी उत्तर आलं. टिकटिक काढून टाकल्यावर खर्रर्र आता स्पष्ट वाचता आला. तो एक जुना, सगळ्यांना माहीत असलेला दळणवळणाचा सिग्नल होता. सरांनी सांगितलेली प्रार्थना-तास-राष्ट्रगीत ही रचना अगदी अचूक होती. मधल्या तासांत मात्र काहीच नव्हतं. पाठवायला निरोप नसला की ते स्टेशन जागं असल्याची खूण म्हणून कोरे तास पाठवत राही. सरांनी पत्र मिटलं. शाळा रोज भरत होती, घंटा दुसऱ्याचीच होती, आणि वर्गात मुलंच नव्हती.

या दुःखातून ते सावरतात तोच केरूचा फोन आला. गावाच्या आग्रहाखातर चुन्याच्या वर्तुळात बोअर घेतली होती आणि पाणी लागलं होतं. नुसतं लागलं नव्हतं, उसळलं होतं. रविवारी मारुतीच्या देवळासमोर सरांचा सत्कार होता.

"मी जाणार नाही," सर म्हणाले.

"न जाऊन कसं चालेल?" तृप्तीताई म्हणाल्या. "तुम्ही गेला नाहीत तर म्हणतील, किती साधा माणूस, मान घ्यायलाही आला नाही. जाऊन खरं काय ते सांगून या."

हे सरांना पटलं. ते पाहुणा म्हणून न जाता शिक्षक म्हणून गेले. फळा मागवला. शाल-नारळ होताच उभे राहून त्यांनी लहरी काय, ठिणगी काय, सगळं आकृत्या काढून समजावलं. "पाणी मी शोधलेलं नाही," ते शेवटी म्हणाले. "खाली ओल होती म्हणून तिथे गवत हिरवं राहिलं. गवत वाढलं म्हणून तारेला टेकलं. टेकलं म्हणून ठिणगी पडली. मी ठिणगी शोधली. पाणी शोधलं असेल तर ते गवताने. उद्या कुणी माझ्या नावाने पाणाड्या म्हणून पैसे मागितले तर त्याला हाकलून द्या. आणि वैशाखात कुठे गवत हिरवं दिसतंय ते तुमचे तुम्ही बघा, त्याला मशीन लागत नाही."

आयुष्यात इतकं चांगलं आपण शिकवलं नसेल, असं सरांना वाटलं. मग केरू आभार मानायला उठला.

"सरांनी आता जे सांगितलं ते लय मोठं हाये," तो म्हणाला. "त्यांना गवताचीबी भाषा कळती."

टाळ्या बराच वेळ चालल्या. सर खाली बसले. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तृप्तीताईंनी पेढ्याचा बॉक्स पुढे केला, पण त्यांनी हात लावला नाही. तेवढ्यात बायकांच्या बाजूने बायडाबाई उठून त्यांच्यापाशी आल्या.

"सर, एक विचारू? ती ठिणगी पडत होती तवा माझं कुंपण बरं चालत नव्हतं ना?"

"नाही. गवत टेकलं की सगळा झटका जमिनीत उतरतो. पुढच्या तारेत जोरच राहत नाही."

"तरीच. आवंदा डुकरं त्याच कडेनं आत घुसली. मला वाटलं मशीन खराब." मग म्हणाल्या, "म्हणजे माझं कुंपण कुठं टेकलं तर तुम्हाला घरी बसून ऐकू येतं?"

"येतं."

"मंग मला एक फोन करत जा की."

सरांनी बायडाबाईंकडे पाहिलं. सबंध पारावर त्यांचं बोलणं एका माणसाला कळलं होतं. त्यांनी पेढा उचलला.

त्या दिवसापासून सर रोज दुपारी जेवण झालं की हेडफोन लावून बसू लागले. सोसायटीने दाखल्याचा विषय सोडून दिला. ज्याच्या गच्चीवरच्या तारेने पाणी लागतं त्याच्याकडे दाखला मागायचं धाडस कोण करणार? अण्णांनी उलट सोसायटीच्या बोअरसाठी एकदा 'सहज' गच्चीवर चक्कर मारायला सांगितली, ती सरांनी नाकारली. खर्रर्र त्यांनी आता ऐकणं सोडलं होतं. ते शांततेवर लक्ष ठेवून होते.

एका दुपारी निळ्या पट्ट्यावर एक पुसट आडवी रेघ आली. मग दुसरी. सर खुर्चीत सावरून बसले. ही टिक पहिल्यासारखी एकटी नव्हती. प्रत्येक टिकच्या मागे बारीकशी चरचर होती. काहीतरी नुसतं टेकलेलं नव्हतं, हलत होतं. त्यांनी फोन लावला.

"बायडाबाई, तुमच्या कुंपणावर काहीतरी पडलंय. गवत नाही. वाऱ्याने हलतंय असं काहीतरी."

"बघते," त्या म्हणाल्या. सर फोन कानाला लावून पडद्याकडे पाहत राहिले. बऱ्याच वेळाने रेघा एकदम थांबल्या.

"बाभळीचा फाटा पडला होता," धापा टाकत बायडाबाई म्हणाल्या. "काढला. गेला का आवाज?"

"गेला."

"मंग आता तुम्ही काय ऐकणार?"

"आता काहीच ऐकू येत नाही," सर म्हणाले, "म्हणजे तुमचं बरं चाललंय."

यावर कथा संपायला हरकत नव्हती. पण बायडाबाईंनी फाट्याची हकिकत कौतुकाने गावात सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केरू गोदाई सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर उभा राहिला. घामाघूम झालेला.

"सर, म्हैस हरवली. कालपासून घरी आली नाय. घरी बसून बाभूळ दिसली तुम्हाला. जरा लावून बघा ना मशीन."

सरांनी खोल श्वास घेतला. "केरू, नीट ऐक. म्हशीतून रेडिओलहरी निघत नाहीत."

केरूचा चेहरा जराही पडला नाही.

"नाय निघत," तो म्हणाला. "मंग दुसरी घेतली तर तिच्या गळ्यात काय बांधू, म्हणजे निघतील?"

तृप्तीताई आतून हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि अनेक वर्षांच्या अनुभवाने त्यांना कळलं की आता मध्ये पडण्यात अर्थ नाही.

"चरायला कुणीकडे सोडतोस?" सर विचारत होते. "आणि साधारण किती लांब जाते?"